पहिला उघडेल त्याची भाषा

आमच्या ऑफिसात कुठलीही तक्रार आली की तिचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "माझ्याकडे तर नीट दिसतंय." असं म्हणणारा माणूस स्वतःच्या स्क्रीनकडे बघत असतो, तक्रार करणाऱ्याकडे नाही. मी तिथे इतकी वर्षं काढली आहेत की आता ते ऐकून रागही येत नाही. सुस्कारा येतो, आणि तोही अर्ध्यावर थांबतो.

शहरातल्या दवाखान्यांची एक साखळी आहे, तिची वेबसाइट आमची कंपनी सांभाळते. डॉक्टरांच्या वेळा, अपॉइंटमेंट, कुठल्या तपासणीला उपाशीपोटी यायचं, कुठली गोळी आदल्या दिवशी बंद करायची, असं सगळं त्या साइटवर असतं. साइट तीन भाषांत आहे. एक ऑफिसची, म्हणजे ज्या भाषेत अर्ज आणि नोटिसा निघतात ती. दुसरी आमची, घरची. तिसरी शहराच्या पलीकडच्या टोकाला बोलतात ती. मी घरच्या भाषेची भाषांतरकार. 'उपाशीपोटी' हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की जेवताना आठवतो.

साइट आपोआप भाषा ओळखते याचा कंपनीला भारी अभिमान. तुमचा फोन ज्या भाषेत, पान त्या भाषेत. कुणाला काही विचारायला नको. माझी आई शिवणाचे क्लास घ्यायची. ती म्हणायची, माप न घेता कापड कापणारा एक तर फार मोठा कारागीर असतो, नाही तर फार मोठा गाढव. कंपनीने स्वतःला कारागीर धरलं होतं.

तरीही लोकांचे फोन यायचे की पान भलत्याच भाषेत येतंय. ते फोन आमचा इंजिनिअर घ्यायचा. तरुण आहे, मनाने चांगला आहे, पण काहीही सांगा, "बघतो" म्हणतो. त्यामुळे ऑफिसात त्याचं नाव बघतोबुवा पडलं आणि त्याने ते बिनतक्रार स्वीकारलं. पान भलत्या भाषेत आलं म्हणणाऱ्या माणसाला तो शांतपणे सांगायचा की साइट तुमच्या फोनची भाषा बघते आणि तीच देते, तेव्हा फोनची भाषा तपासा. पलीकडचा माणूस ओशाळून फोन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा नाही, कारण दुसऱ्या दिवशी पान कधी कधी आपोआप बरोबर यायचं. मग त्यालाच वाटायचं, काल आपलंच काही चुकलं असेल.

हे मी रोज ऐकत होते आणि आईचंही रोज ऐकत होते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

आईने सत्तरी ओलांडली आहे. बाबा गेल्यापासून ती तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. शिलाई मशीन खिडकीशी, कात्री तिच्या खुंटीवर, आणि दादाने घेऊन दिलेला टॅब साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. टॅबवर ती आमची दवाखान्याची साइट बघते. आपल्या मुलीने लिहिलेलं वाचते असं ती शेजारणींना सांगते, आणि मला ते आवडत नाही असं मी दाखवते. तिची अपॉइंटमेंट ती स्वतः घ्यायची. सगळं स्वतः करायची.

मग तिने एक नवीनच टुमणं लावलं. पान बदलतं म्हणे. सकाळी ऑफिसच्या भाषेत येतं, संध्याकाळी आपल्या भाषेत. कधी उलटं. एकदा तर त्या तिसऱ्याच भाषेत आलं. ऑफिसची भाषा आईला दुकानापुरती येते, वाचायला घेतली की अर्ध्यात थकते. तिने मला विचारलं तेव्हा मी ऑफिसातून घरी, घरून तिच्याकडे, अशी धावपळ करून दमलेली होते. मी तिला बघतोबुवाचंच उत्तर दिलं. म्हटलं, आई, चुकून कुठे तरी बोट लागलं असेल तुझं. भाषा फोनवर असते, पानावर नसते. तिने टॅब उलटसुलट करून बघितला, जणू भाषा पाठीमागे कुठे चिकटवलेली असेल.

दादाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो गंभीर झाला. त्याच्या ओळखीच्या एका काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी म्हणे बारीकसारीक गोष्टी बदललेल्या दिसतात, मग माणसं. त्याने आणि वहिनीने आईकडे बारकाईने बघायला सुरुवात केली. आणि बारकाईने बघायचं ठरवलं की कुणातही काही ना काही सापडतंच. एकदा आईने किल्ली बाहेरून दाराला तशीच ठेवली होती. एकदा वहिनीला एकच गोष्ट दोनदा सांगितली. वहिनी स्वतः तीच गोष्ट चारदा सांगते, पण तिचं वय पन्नाशीच्या आत आहे, त्यामुळे तो स्वभाव ठरतो.

त्यात ते रक्ततपासणीचं झालं. आईला उपाशीपोटी जायचं होतं. आदल्या दिवशी तिने पान उघडलं तर ते ऑफिसच्या भाषेत. अक्षरं ओळखीची, अर्थ लागेना. मला फोन करावा असं तिच्या मनात आलं, पण मी परवाच तिच्यावर वैतागले होते, म्हणून तिने नाही केला. चहा चालत असेल अशा अंदाजाने सकाळी अर्धा कप घेऊन गेली. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, हिने खरं सांगितलं, आणि तिला परत पाठवलं.

संध्याकाळी दादा तिच्याकडे गेला. त्याने आपल्या फोनवर पान उघडलं. घरच्या भाषेत, पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरात लिहिलं होतं की तपासणीआधी चहासुद्धा घेऊ नये. मीच लिहिलेली ओळ ती. मग त्याने आईचा टॅब उघडला. तिथेही तेच, आपल्याच भाषेत. त्याने टॅब तिच्यासमोर धरला. आई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, काल असं नव्हतं. दादाने टॅब परत डब्याला टेकवून ठेवला. त्याने मला रात्री फोनवर सांगितलं की तिचा चेहरा बघून त्याला रडू आलं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे आईकडे जमलो. ठरवून आलेली माणसं जशी बसतात तसे बसलो, म्हणजे कुणीच टेकून बसलं नाही. दादाने सांगितलं की त्याने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गुरुवारची. आणि डॉक्टर काहीही म्हणोत, आईने आता त्याच्याकडे राहायला यावं. वहिनीने मागची खोली रिकामी केली होती. व्यायामाची सायकल तिथेच राहणार होती, पण ती भिंतीला लावता येईल. शिलाई मशीनला मात्र जागा नव्हती. तसंही, दादा म्हणाला, आता सुई, कात्री, विजेची मोटर, कशाला ती जोखीम.

दादा वाईट माणूस नाही. तो घाबरलेला माणूस आहे, आणि आमच्या घरात घाबरलेला माणूस लगेच व्यवस्था करायला लागतो. मी तरी काय केलं? मी गप्प बसले. आठवड्यातून चार फेऱ्या, दोन घरांच्या भाज्या, दोन घरांची औषधं. आई दादाकडे गेली तर मी रविवारी दुपारी झोपू शकेन, हे माझ्या मनात आलं. मला हायसं वाटलं, आणि वाटलं ते वाटलं.

आईने एकदाच तोंड उघडलं. "मी खोटं नाही बोलत रे. सकाळी वेगळं होतं."

"खोटं बोलतेस असं कोण म्हणतंय?" दादा म्हणाला. "तुला तसं दिसलं असेल. वयामुळे होतं असं. मी स्वतः बघितलं ना, माझ्या फोनवर आणि तुझ्या टॅबवरही."

आई माझ्याकडे बघायला लागली. त्या साइटवर काम करणारी मी. मी पदराला लागलेलं नसलेलं काहीतरी झटकत बसले.

"असेल," आई म्हणाली.

त्या दिवसापासून ती कशालाही 'असेल' म्हणायला लागली. जेवलीस का? जेवले असेन. आज मंगळवार आहे ना? असेल. पूर्वी हीच बाई काज अर्धा दोरा इकडेतिकडे झालं तर शिवण उसवायला लावायची. तिच्या क्लासच्या बायका तिला मागे 'फूटपट्टी' म्हणायच्या. तिच्या तोंडी 'असेल' ऐकून दादाची खात्री पटत चालली, आणि माझीही.

बुधवारी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बघतोबुवा फोनवर कुणालातरी समजावत होता. तेच पालुपद. "साइट फक्त तुमच्या फोनची भाषा बघते. फोन ज्या भाषेत, पान त्याच भाषेत येणार. दुसऱ्या भाषेत येऊच शकत नाही."

मी 'जेवणानंतर दोन तासांनी' असं टाइप करत होते. हात थांबला.

दादाचा फोन ऑफिसच्या भाषेत आहे. पूर्णपणे. रविवारीच मी त्यावरून एक फोटो पाठवायचा प्रयत्न केला होता आणि बटण सापडेना म्हणून वहिनीकडे दिला होता. बघतोबुवा म्हणतो ते खरं असेल तर दादाला पान ऑफिसच्या भाषेत दिसायला हवं होतं. त्याला घरच्या भाषेत दिसलं. ज्या गोष्टीने त्याने आईला खोटं ठरवलं ती गोष्टच मुळात घडायला नको होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी बघतोबुवाला हे सांगितलं. तो म्हणाला, बघतो. मी म्हटलं, नाही, आत्ता बघायचं, माझ्यासमोर. माझा आवाज बहुतेक चढला असावा, कारण त्याने चहाचा कप बाजूला ठेवला.

"ताई, कॅशमुळे असू शकतं," तो जरा वेळाने म्हणाला. कॅश म्हणजे काय ते मी रोज ऐकत होते, पण कधी विचारलं नव्हतं. त्याने भिंतीशी ठेवलेल्या चहाच्या थर्मासकडे बोट दाखवलं. दर माणसाला चहा वेगळा करून द्यायचा तर वेळ जातो. म्हणून एकदा करून थर्मासात भरून ठेवायचा आणि येईल त्याला त्यातलाच द्यायचा. साइटचंही तसंच. कुणी पान मागितलं की ते एकदा बनतं, त्याची प्रत साठवली जाते, आणि पुढच्या सगळ्यांना तीच प्रत जाते. प्रत शिळी झाली की पुसायची. मग पहिला जो येईल त्याच्यासाठी नवीन बनते.

"म्हणजे पहिल्याने बिनसाखरेचा मागितला तर?"

त्याने थर्मासकडे बघितलं. "तर सगळ्यांना बिनसाखरेचा."

आम्ही दोघांनी ते करून बघितलं. त्याने साठवलेली प्रत पुसली आणि पान आधी स्वतः उघडलं. ऑफिसच्या भाषेत आलं. मग मी माझ्या मशीनवर उघडलं. माझं मशीन घरच्या भाषेत आहे, तरी पान ऑफिसच्या भाषेत आलं. पुन्हा पुसलं. या वेळी आधी मी उघडलं. घरच्या भाषेत. मग त्याने आपल्या स्क्रीनवर उघडलं, आणि त्याला वाचता न येणारं माझं भाषांतर त्याच्यासमोर आलं. पहिल्यांदा तो हसला. मग त्याचं हसू ओसरलं, कारण दोन वर्षं त्याने फोनवर कुणाकुणाला काय काय सांगितलं होतं ते त्याला आठवायला लागलं असणार.

मी विचारलं, प्रत्येक भाषेचा वेगळा थर्मास का नाही? होता म्हणे. पण फोन नुसती एक भाषा सांगत नाहीत. आधी ही, ती नसेल तर ती, तीही नसेल तर अमुक, असा क्रम सांगतात, आणि दर माणसाचा क्रम वेगळा. यंत्र प्रत्येक क्रमासाठी वेगळी प्रत साठवायला लागलं. इतक्या प्रती झाल्या की साठवण्याचा उपयोगच राहिला नाही, साइट रखडायला लागली. म्हणून त्याच्या आधीच्या इंजिनिअरने ते तात्पुरतं बंद केलं. तात्पुरतं म्हणजे करणारा नोकरी सोडेपर्यंत तात्पुरतं, आणि त्यानंतर कायमचं. उपाय सोपा होता, प्रत्येक भाषेतल्या पानाला वेगळा पत्ता द्यायचा आणि दारातच विचारायचं, कोणत्या भाषेत वाचणार? पण विचारणं म्हणजे आपोआप नव्हे, आणि आपोआपचा कंपनीला अभिमान.

"पण इतके दिवस कुणालाच कसं दिसलं नाही?" मी म्हटलं.

इथेच घोडं पेंड खात होतं. बघतोबुवा रोज सकाळी आल्या आल्या जुन्या प्रती पुसायचा आणि साइट चालू आहे ना ते बघायला स्वतः उघडायचा. त्याच्याकडे नीट दिसायचं. दिसणारच. पहिला उघडणारा तोच, तेव्हा त्याचीच भाषा साठवली जायची, आणि सकाळभर सगळ्या शहराला ती मिळायची. तक्रार आली की पुन्हा पुसायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा नीट. जितकं तपासायचा तितकं बिघडवायचा, आणि तपासतोय म्हणून निर्धास्त असायचा.

आणि मी? मी भाषांतरात काही दुरुस्ती केली की प्रत आपोआप पुसली जाते. मग मी एकदा पान उघडून बघते, बरोबर आहे अशी खूण करते आणि पुढच्या कामाला लागते. आईच्या तपासणीच्या दिवशी दुपारी मी तेच पान दुरुस्त केलं होतं. आई अर्ध्या कप चहामुळे परत आली हे तिने मला सकाळी फोनवर सांगितलं होतं. मी चिडले होते, आणि चिडून त्या पानावर 'चहासुद्धा' हा शब्द घातला होता, ठळक करून पहिल्या ओळीत. मग उघडून बघितलं. माझ्याकडे नीट दिसत होतं.

संध्याकाळी दादाने जे पान आईच्या डोळ्यासमोर धरलं ते मी साठवून ठेवलेलं पान होतं. मी खुर्चीत मागे टेकून बसले. 

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. थर्मासही ऐकला. मग थकलेल्या आवाजात म्हणाला की बरं, साइटचं चुकलं असेल. पण एक गोष्ट चुकली म्हणून बाकीच्या बरोबर ठरत नाहीत. किल्लीचं काय? आणि आता ती कशालाही धड उत्तर देत नाही, त्याचं काय? त्याच्या मागून वहिनीचा आवाज आला, विचारत होती की गादी आणायला माणूस कधी पाठवायचा. मी म्हटलं, तू थांब, मी आईकडे चाललेय. जाताना बघतोबुवाला सांगून गेले की मी फोन केला की उचल, "बघतो" म्हणू नकोस.

आईने सामान बांधून ठेवलं होतं. एक बॅग आणि एक कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडातून कात्रीचे दोन कान बाहेर आले होते. जोखीम असली तरी नेत होती. मशीनवर तिने जुनी चादर पांघरली होती आणि चारी कोपरे खाली खोचले होते.

मी तिला बसवलं आणि सांगितलं. सावकाश, थर्माससकट. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. माझं संपल्यावर म्हणाली, बरं झालं. तिला आनंद होईल, ती दादाच्या नावाने बोटं मोडेल, निदान माझ्या तरी, असं मला वाटलं होतं. ती खाली बघून पिशवीचा बंद गुंडाळत होती.

"आई, तू बरोबर होतीस. पान खरंच बदलत होतं."

"असेल."

"असेल नाही. आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "हे तू मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगत?"

मी तिची मुलगी. रविवारी तिच्यासमोर बसून काहीतरी झटकत होते. तिने माझ्यावर का विश्वास ठेवावा? मी रागाने म्हटलं, राग खरं तर माझाच मला होता, की थांब, तुलाच दाखवते. बघतोबुवाला फोन लावला आणि म्हटलं, पूस. त्याने पुसलं. "आता कुणी उघडू नका म्हणावं," मी म्हटलं, "फक्त आमच्याकडून उघडणार." तो म्हणाला, शहराला कसं सांगू, तुम्ही लवकर करा.

आईचा टॅब साखरेच्या डब्याला टेकवला. तिने बोट पुढे केलं, मागे घेतलं, चष्मा काढून पुसला. मी मनात म्हणत होते की देवा, आत्ता दुसरं कुणी दमेकरी माणूस डॉक्टरची वेळ बघायला बसायला नको. तिने बोट टेकवलं. पान आलं. घरच्या भाषेत.

"आता दादाला फोन लाव," मी म्हटलं, "आणि त्याला म्हणावं, उघड."

तिने लावला, आणि आवाज मोठा करून फोन मशीनवरच्या चादरीवर ठेवला. दादाने विचारलं काय झालं, बरी आहेस ना, गादीवाला पाठवतोय. आईने त्याला फक्त पान उघडायला सांगितलं. तो म्हणाला, आई, आत्ता मीटिंग आहे. आई म्हणाली, उघड. फूटपट्टीचा आवाज होता तो. मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "आपल्या भाषेत आहे."

"तुझा फोन कोणत्या भाषेत आहे?"

"ऑफिसच्या."

"मग आपल्या भाषेत कसं आलं?"

  दादा हुशार आहे, त्याला दुपारी मी सांगितलेलं सगळं आता समोर दिसत होतं. फार हळू आवाजात त्याने विचारलं, "तू उघडलंस का आधी?"

"असेल," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मला हसू फुटलं. आईला फुटलं नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. एवढ्यात बघतोबुवाचा फोन आला. म्हणाला, ताई, आता उलट्या बाजूने फोन सुरू झालेत, आमच्या भाषेतलं पान कुठे गेलं विचारतात, त्यांना काय सांगू? मी म्हटलं, दोन वर्षं काय सांगत होतास? तो म्हणाला, नाही ताई, ते नाही आता सांगवत. मग मीच त्याला सांगितलं की पूस, आणि कंपनीच्या मॅडमना कळव की दारात विचारल्याशिवाय हे मिटायचं नाही. तो काय म्हणाला ते तुम्हाला माहीतच आहे.

दादाचा पुन्हा फोन आला तेव्हा आई बॅगेतले कपडे कपाटात लावत होती, म्हणून मी घेतला. तो फार बोलला नाही. गादीवाल्याला नको म्हणून कळवलं आहे, म्हणाला. गुरुवारची वेळही रद्द करतो.

"रद्द करू नको म्हणावं," आई कपाटातूनच म्हणाली. "मी जाणार आहे."

मी विचारलं कशाला, आता काय राहिलंय. तिने परकराची चौपदरी घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तुमचं कळलं मला. तुमचं चुकलं होतं. पण मधे इतके दिवस मीच मला वेडी म्हणत होते ना. रात्री उठून नळ बघायचे, गॅस बघायचे. ते काही साइटने नाही सांगितलं. आता कुणीतरी तिऱ्हाइताने सांगू दे."

मला तिथे, त्या कपाटासमोर, रडू आलं. तिने मला पाणी दिलं आणि लहानपणी म्हणायची तसं, पुरे आता, म्हणाली. चादर काढून तिने मशीन उघडं केलं, कात्री खुंटीला लावली. गुरुवारी मी तिच्याबरोबर जायचं ठरलं. दादा म्हणाला तोही येईल. मी म्हटलं, ये, दोघं मिळून बाहेर बाकावर बसू.

निघताना ती म्हणाली, दूध संपलंय, तुझ्याबरोबर खाली येते. आम्ही बाहेर आलो. तिने दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली फिरवली, काढली. मी दोन पायऱ्या उतरले होते. मागून तिची पावलं येईनात म्हणून वळून बघितलं, तर ती दारापाशीच उभी होती, हात माझ्याकडे पुढे करून. जेवायच्या आधी मुलं हात धुतलेत म्हणून दाखवतात तसा तळवा उघडा, आणि त्यावर किल्ली.

"काढली ना मी? बघ."

मी बघितलं. म्हटलं, हो आई, काढलीस. तिने मान हलवली आणि पायऱ्या उतरायला लागली. मूठ मात्र तिने मिटली नाही. खालच्या दारापर्यंत ती किल्ली तशीच तळव्यावर धरून, मला दिसेल अशी, माझ्या शेजारून चालत होती.